फायर ड्रिल संपल्यावर काय विचारायचं, काय लिहायचं

प्रश्न असा आहे: मी एका बल्क कॅरिअरवर (सुटा माल नेणारं जहाज) थर्ड मेट (कनिष्ठ डेक ऑफिसर), जहाजावर एकूण २२ जण. दर महिन्याला फायर ड्रिल आणि बोट ड्रिल होतं. नंतर दोन मिनिटं सगळे उभे राहतात, चीफ ऑफिसर ‘गुड’ म्हणतात, लॉगबुकात मागच्या महिन्याचंच वाक्य उतरतं. आता नवे कॅप्टन म्हणालेत की पुढच्या ड्रिलचा आढावा तू घ्यायचा आणि मला लेखी द्यायचा. ड्रिलनंतर नेमकं काय विचारायचं, काय लिहायचं, आणि सगळं ठीक झालं असेल तर सुधारणा कुठून काढायची? पुढच्या बंदरात सहा जण बदलणार आहेत, त्याचं काय करायचं?

मी चोवीस वर्षं इंजिनमध्ये काढली, शेवटची काही चीफ इंजिनिअर म्हणून. आता काही वर्षं वेगवेगळ्या जहाजांवर जाऊन ड्रिल बघतो आणि कागद तपासतो. त्या अनुभवातून सांगतो.

‘सगळं ठीक झालं असेल तर’ हा भाग आधी घेऊ, कारण सगळी अडचण तिथेच आहे. सगळं ठीक झालेलं ड्रिल बहुतेक वेळा सोपं ठेवलेलं असतं. शनिवारी दुपारी साडेतीनची वेळ, समुद्र शांत. सव्वातीनलाच सगळे बॉयलर सूट आणि हेल्मेट घालून तयार. आग पेंट लॉकरमध्ये ‘लागणार’ हे सकाळच्या चहालाच मेसमध्ये कळलेलं. अलार्म वाजतो, चार मिनिटांत हजेरी पूर्ण, दोन होजमधून पाणी समुद्रात, दोघे बीए सेट (पाठीवरच्या सिलेंडरमधून श्वास घ्यायचं उपकरण) घालून दरवाजापाशी उभे, फोटो, संपलं. या ड्रिलचा कितीही मनापासून आढावा घेतलात तरी हाती काही लागणार नाही, कारण त्या ड्रिलने जहाजाला काही विचारलंच नव्हतं. सोलास या आंतरराष्ट्रीय सागरी सुरक्षा कराराच्या तिसऱ्या प्रकरणातला १९वा नियम सांगतो की ड्रिल शक्य तितकं खऱ्या प्रसंगासारखं घ्यायचं. दरमहा एक फायर ड्रिल आणि एक अबँडन शिप ड्रिल (जहाज सोडायचा सराव, म्हणजेच बोट ड्रिल) हा आकडा सगळ्यांना पाठ असतो. ‘खऱ्या प्रसंगासारखं’ हे वाक्य मात्र फारसं कोणी वाचत नाही.

म्हणून आढाव्याचं काम ड्रिलच्या आदल्या दिवशी सुरू करा. एका कागदावर एकच प्रश्न लिहा, ज्याचं उत्तर तुम्हाला आज ठामपणे देता येत नाही. प्युरिफायर रूमच्या (इंधन शुद्ध करायची खोली) तळातून वॉकीटॉकीचा आवाज ब्रिजवर पोचतो का? अलार्मच्या पहिल्याच मिनिटाला चीफ ऑफिसर जखमी झाले तर फायर पार्टी कोण हातात घेणार, आणि ते त्या माणसाला माहीत आहे का? इमर्जन्सी फायर पंप चालू असताना सगळ्यात लांबच्या हायड्रंटवर (होज जोडायचा नळ) दाब किती मिळतो? ड्रिल त्या प्रश्नाभोवती बांधायचं. नंतरचा आढावा म्हणजे मुख्यतः त्या प्रश्नाचं उत्तर.

हे मी कुठे शिकलो तेही सांगतो. एका जहाजावर दर ड्रिलच्या नोंदीत ‘इंजिन रूमचे फायर डँपर बंद केले, समाधानकारक’ असं लिहिलेलं होतं. डँपर म्हणजे आगीत हवेचा मार्ग बंद करणारी झडप. एकदा सेकंड इंजिनिअर म्हणाला, आज मी हँडलपाशी न थांबता आत फ्लॅपसमोर टॉर्च घेऊन उभा राहतो. बाहेरून फिटरने हँडल फिरवलं. खूण ‘बंद’वर गेली, हँडल छान फिरलं, ग्रीसही ताजं होतं. आत फ्लॅप जागचा हलला नाही. गंजून तो स्पिंडलपासून सुटला होता आणि अर्धवट उघडा अडकला होता. किती महिने तसा होता कुणास ठाऊक. त्या सगळ्या महिन्यांत आमच्या लॉगबुकात तो दरवेळी बंद झालेला आहे, आणि त्यात कोणी मुद्दाम खोटं लिहिलं नव्हतं. प्रत्येकाने हँडल पाहिलं होतं. तेव्हापासून मी ड्रिलमध्ये एक माणूस नेहमी ‘दुसऱ्या टोकाला’ ठेवायला सांगतो: डँपरच्या आत, होजच्या शेवटी, वॉकीटॉकीच्या पलीकडे, क्विक क्लोजिंग वॉल्वच्या (इंधन दुरून तार ओढून बंद करायचा वॉल्व) बुडाशी. तार ओढणारा सांगतो ‘ओढली’, वॉल्वपाशी उभा असलेला सांगतो ‘पडला’. नोंद दुसऱ्याच्या तोंडून घ्यायची.

एक दरवाजा किंवा डँपर बंद होत नाही एवढ्याने किती बिघडतं, याचं अलीकडचं उदाहरण ग्रांदे कोस्टा दाव्होरिओ या इटालियन झेंड्याच्या जहाजाचं आहे. ५ जुलै २०२३ रोजी न्यू जर्सीतल्या पोर्ट नेवार्कमध्ये जुन्या गाड्या चढवताना तिथे आग लागली. जहाजावरच्या लोकांनी आग, आणि आत राहिलेला माणूसही, गुदमरवणारा कार्बन डायऑक्साइड वायू सोडला, पण १२व्या डेकवरचा मोठा दरवाजा उघडाच राहिला होता. तो चालवायचं पॅनेल दरवाजाच्या आतल्या बाजूला होतं, म्हणजे आग लागल्यावर बाहेरून तो बंद करायची सोयच नव्हती. गॅस त्या जागेत टिकला नाही. आग विझवायला आत गेलेले नेवार्कचे दोन अग्निशामक जवान मृत्युमुखी पडले. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने चौकशीत या दरवाजाकडे स्पष्ट बोट दाखवलं. मी हे वाचलं तेव्हा पहिला विचार हाच आला: एखाद्या ड्रिलनंतर कोणी विचारलं असतं की ‘आत धूर असताना हा दरवाजा कोण, कुठे उभा राहून बंद करणार?’, तर उत्तर दहा सेकंदांत सापडलं असतं. तुमच्या जहाजावरच्या प्रत्येक दरवाजाला, डँपरला, स्कायलाइटला हाच प्रश्न एकदा विचारा. कागदावर नको, तिथे चालत जाऊन.

आता पहिल्या तीन मिनिटांबद्दल. ड्रिल जवळजवळ नेहमी जनरल अलार्मने किंवा घोषणेने सुरू होतं. खरी आग तशी सुरू होत नाही. ती फायर पॅनेलवरच्या एका लाल दिव्याने सुरू होते, आणि तो दिवा याआधी पन्नास वेळा स्वयंपाकघरातल्या वाफेने किंवा वेल्डिंगच्या धुराने लागलेला असतो. ८ नोव्हेंबर २०१० रोजी कार्निव्हल स्प्लेंडर या प्रवासी जहाजाच्या इंजिन रूममध्ये आग लागली तेव्हा ब्रिजवर अलार्म पॅनेल रीसेट केलं गेलं, आणि पाण्याच्या बारीक फवाऱ्याची यंत्रणा सुरू व्हायला सुमारे १५ मिनिटांचा उशीर झाला, असं चौकशीत दिसलं. म्हणून दोन-तीन ड्रिल्समागे एकदा ड्रिलची सुरुवात डिटेक्टरपासून करा. कॅप्टनची परवानगी घ्या, टेस्ट स्प्रेने एक डिटेक्टर चालू करा, आणि घड्याळ लावून बसा. वॉचवरच्या माणसाने काय केलं? आधी रीसेट, की आधी फोन? बघायला कोणाला पाठवलं, त्याच्या हातात वॉकीटॉकी होता का, आणि सर्वसाधारण अलार्म वाजवायचा अधिकार आपल्याला आहे असं त्याला वाटलं का? कॅप्टनला उठवावं की नाही, या विचारात घालवलेली दोन मिनिटं मी स्वतः पाहिली आहेत. अशा वेळी त्या वॉचकीपरला दोष देऊ नका. ‘पॅनेलवर दिवा लागला की आधी माणूस पाठवायचा, बघून आल्याशिवाय रीसेट नाही’ हे कॅप्टनच्या स्टँडिंग ऑर्डर्समध्ये लिहून घ्या.

घड्याळाचं काम डेक कॅडेटला द्या, कॅडेट नसेल तर त्या दिवशी एका माणसाला फायर पार्टीतून मोकळं करा. वेळा थोड्याच, पण नक्की: अलार्म, पहिला माणूस जागेवर, हजेरी पूर्ण, व्हेंटिलेशन बंद, पहिल्या होजला पाणी, बीए जोडी आत जायला तयार, शेजारच्या भिंती थंड करायला सुरुवात. या वेळा दुसऱ्या कुठल्या जहाजाशी ताडू नका, तुमच्याच जहाजाच्या मागच्या तीन ड्रिल्सशी ताडा. बीए जोडी मागच्या वेळी सहा मिनिटांत तयार होती आणि आज अकरा लागली, तर आज काय वेगळं होतं हे शोधायला जागा मिळते. बहुतेक वेळा कारण साधं असतं. सेट ज्या लॉकरमध्ये आहे त्याच्यासमोर कोणीतरी रंगाचे डबे ठेवलेले असतात. फोनवर व्हिडिओ काढणं मोहाचं आहे आणि उपयोगाचंही आहे. टँकरवर असाल तर डेकवर साधा फोन नेऊ नका, हे तिथल्या लोकांना सांगायला नको.

बीए सेटवर मी जरा थांबतो, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहेत. नियमानुसार सिलेंडरमध्ये किमान १,२०० लिटर हवा किंवा सेटची किमान ३० मिनिटांची क्षमता हवी. त्यामुळे सगळ्यांच्या डोक्यात ‘तीस मिनिटं’ बसलेली असतात. तुमच्या सेटला ६ लिटरचा, ३०० बारचा सिलेंडर असेल तर पूर्ण भरल्यावर हवा १,८०० लिटर होते, म्हणजे तीसपेक्षा बरीच जास्त मिनिटं असं वाटतं. तो हिशेब मिनिटाला ४० लिटरचा आहे. जड होज ओढत, वाकून, घाबरलेला माणूस तेवढ्यावर भागवत नाही. एकदा खरंच मोजा. आत जाताना प्रेशर लिहा, बाहेर आल्यावर लिहा, मधली मिनिटं लिहा. आमच्या एका ड्रिलमध्ये एक एबी (अनुभवी खलाशी) २८० बारने स्टिअरिंग गिअर रूममध्ये उतरला, भरलेला होज घेऊन काम केलं, बारा मिनिटांनी १६० वर बाहेर आला. १२० बार गुणिले ६, म्हणजे ७२० लिटर. मिनिटाला ६० लिटर. त्याच्या सेटची हवा संपत आल्याची शिट्टी ५५ बारला वाजते. २८० पासून तिथपर्यंत त्याच्याकडे १,३५० लिटर हवा होती, साडेबावीस मिनिटांची. त्यातच आत जायचं, काम करायचं आणि शिट्टी वाजायच्या आत परत निघायचं. हा आकडा त्या एबीला, बोसनला (डेकवरच्या खलाशांचा मुख्य) आणि दरवाजावर पाटी घेऊन वेळ लिहिणाऱ्याला कळला, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते कुठल्याही पोस्टरने येत नाही. पुढच्या ड्रिलपासून प्रत्येक बीए घालणाऱ्याचा असा वैयक्तिक आकडा आम्ही फायर स्टेशनमध्ये लावला. कोणाची दाढी वाढली असेल तर मास्कची कड चेहऱ्याला बसत नाही आणि हवा आणखी लवकर संपते. हे त्याला समजावून, अपमान न करता सांगा, आणि मास्क न बसणाऱ्याला त्या जोडीतून तूर्त काढा. ड्रिलमध्ये वापरलेले सिलेंडर जहाजावरच भरता यावेत किंवा तेवढे जादा असावेत, असा नियम १ जुलै २०१४ पासून आहे. तेव्हा ‘सिलेंडर वाया जातील’ म्हणून मास्क न घालता ड्रिल करायचं काही कारण उरत नाही.

हजेरीचं एक. कोचीनहून सुटल्यावर आमच्या जहाजावर तीन फिटरची रायडिंग टीम (प्रवासात दुरुस्तीसाठी सोबत आलेली माणसं) होती. ड्रिलमध्ये हजेरी तीन मिनिटांत जुळली: २३ पैकी २३. सगळे खूश. आढाव्यात मी सहज कूकला विचारलं, आज जेवायला किती ताटं लावलीस? तो म्हणाला, सव्वीस. मस्टर लिस्टमध्ये (कोणी कुठे जमायचं आणि काय करायचं याची यादी) त्या तिघांची नावंच नव्हती. ते बिचारे दुसऱ्या बाजूच्या बोटीपाशी उभे होते, कारण त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं. खऱ्या आगीत आम्ही ‘सगळे सुखरूप’ म्हणून कार्बन डायऑक्साइड सोडला असता, आणि ते तिघे इंजिन रूममध्येच काम करत असायचे. तेव्हापासून मी हजेरी नावांच्या यादीशी जुळवतोच, पण स्वयंपाकघरातल्या आकड्याशीही जुळवतो. मस्टर लिस्टच्या सगळ्या प्रती एकाच तारखेच्या आहेत का, हेही बघा. क्रू मेसमध्ये जुनी प्रत लटकत असलेली मी अनेकदा पाहिली आहे.

हजेरीमागचा खरा प्रश्न निर्णयाचा आहे. इंजिन रूमसाठी गॅस सोडायचा तर माणसं बाहेर, व्हेंटिलेशन बंद, डँपर आणि स्कायलाइट बंद, इंधनाचे वॉल्व पाडलेले, इमर्जन्सी जनरेटर चालू, आणि मग कॅप्टनचा हुकूम. ड्रिलमध्ये गॅस सोडत नाही, म्हणून हा भाग ‘आणि मग गॅस सोडला’ एवढ्या वाक्यात उरकला जातो. तसं करू नका. कॅप्टन आणि चीफ इंजिनिअरला, भारतीय जहाजावर म्हणतात त्या ‘बडासाब’ना, प्रत्यक्ष त्या क्षणी निर्णय घ्यायला लावा आणि वेळ लिहा. आगीची खबर मिळाल्यापासून ‘सोडा’ म्हणेपर्यंत किती मिनिटं गेली? मध्ये कशाची वाट बघितली? वाट बघण्याचं कारण हजेरी असेल तर हजेरी सुधारायची. कारण मनातली घालमेल असेल तर पुढच्या वेळी दोघांनी आधीच बसून ठरवायचं की काय दिसलं की होजची लढाई थांबवायची. मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये १४ एप्रिल १९४४ ला फोर्ट स्टिकिन जहाजावर कापसाच्या गासड्या आणि स्फोटकं एकत्र होती. आग लक्षात आल्यापासून चारनंतरच्या पहिल्या मोठ्या स्फोटापर्यंत दोन तास मिळाले होते. त्या दोन तासांत कॅप्टनला वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळे सल्ले दिले आणि एक ठाम निर्णय झाला नाही. दरवर्षी त्या तारखेला आपण अग्निशमन दलाच्या हुतात्म्यांना आठवतो. जहाजावरच्या माणसाने त्या दिवशी हा निर्णयाचा भागही आठवावा असं मला मनापासून वाटतं.

आता आढाव्याची बैठक. माझ्या मते दोन हव्यात. पहिली लगेच, सामान जागच्या जागी ठेवून झाल्यावर पण आंघोळीआधी, फायर स्टेशनपाशीच, दहा-पंधरा मिनिटं. दुसरी दुसऱ्या दिवशी, फक्त ऑफिसर आणि बोसन, घड्याळाचा कागद समोर ठेवून. पहिल्या बैठकीत बोलण्याचा क्रम फार महत्त्वाचा आहे. चीफ ऑफिसर आधी बोलले की संपलं. त्यानंतर मेसमन कशाला सांगेल की त्याला होजचं कपलिंग लावता आलं नाही? म्हणून सगळ्यात कनिष्ठापासून सुरू करा. मेसमन, ओएस (साधा खलाशी), वायपर (इंजिन रूममधला मदतनीस), कॅडेट, मग वर. ‘काही सूचना?’ असं विचारू नका, त्यावर सगळे माना हलवतात. विचारा: ‘तू कुठे अडलास?’, ‘तुला कुठली ऑर्डर ऐकू आली नाही?’, ‘आत्ता खरी आग असती तर तुला कशाची भीती वाटली असती?’ रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडचे जुने सारंग असत, त्यांना जहाजावरचा कुठला हायड्रंट कडक आहे आणि कुठल्या दरवाजाची कडी अर्धीच बसते, हे न विचारता ठाऊक असायचं. आजचा बोसनही तसाच असतो. पण त्याला बोलायला जागा मिळाली पाहिजे, आणि त्याने सांगितलेली गोष्ट पुढच्या आठवड्यात दुरुस्त झालेली त्याला दिसली पाहिजे. नाहीतर तिसऱ्या महिन्यापासून तोही ‘ऑल गुड’ म्हणायला लागतो. मिश्र क्रू असेल तर एखाद्याला इंग्रजीत सांगता येत नसेल. त्याला त्याच्या भाषेत बोलू द्या, सोबतचा सांगेल. ७ एप्रिल १९९०ला स्कँडिनेव्हियन स्टार या फेरीवर आग लागून १५९ लोक गेले. त्या जहाजावर नवख्या कर्मचाऱ्यांना जहाजाची नीट ओळख झालेली नव्हती आणि भाषेचाही अडसर होता. अशा दुर्घटनांनंतरच आज आपण ज्याचे फॉर्म भरतो तो आयएसएम कोड (जहाजांच्या सुरक्षित व्यवस्थापनाची नियमावली) आला, आणि १ जुलै १९९८ पासून पहिल्या टप्प्यातल्या जहाजांना बंधनकारक झाला.

लिहायचं काय? थोडं. ‘क्रूला अधिक प्रशिक्षण द्यावे’ हे वाक्य मी जिथे दिसेल तिथे खोडतो, कारण त्यावर कोणी काही करू शकत नाही. त्याऐवजी: ‘प्युरिफायर रूमच्या खालच्या मजल्यावरून ब्रिजला आवाज पोचत नाही, दरवाजावर दुसरा सेट घेऊन एक माणूस निरोप पुढे देईल, मस्टर लिस्टमध्ये ही जबाबदारी चौथ्या इंजिनिअरची, पुढच्या ड्रिलमध्ये तपासायचं.’ काय बिघडलं, कोण करणार, कधीपर्यंत, आणि झालं हे कसं कळणार, एवढ्या चारच गोष्टी. एका ड्रिलमधून अशा दोन-तीनच नोंदी काढा. पंधरा काढल्यात तर एकही पूर्ण होणार नाही. जे जहाजावर होत नाही, म्हणजे फ्लॅप बदलणं, नवे वॉकीटॉकी, त्याची मागणी त्याच दिवशी ऑफिसला पाठवा आणि तिचा नंबर नोंदीत लिहा. ड्रिलमध्ये सापडलेला दोष लवकरात लवकर दुरुस्त करायचा आणि वापरलेलं सामान ताबडतोब पुन्हा तयार स्थितीत ठेवायचं, हेही त्याच १९व्या नियमात आहे. पुढच्या ड्रिलची सुरुवात मागच्या नोंदी मोठ्याने वाचून करा.

लॉगबुकात दोष लिहिला तर पोर्ट स्टेटचा (जहाज ज्या बंदरात येतं त्या देशाचा) इन्स्पेक्टर पकडेल, अशी भीती तुम्हाला कोणीतरी घातलेली असणार. माझा अनुभव उलटा आहे. इन्स्पेक्टर लॉगबुक वाचून थांबत नाही, तो ड्रिल घ्यायला सांगतो आणि उभा राहून बघतो. २०२३च्या सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये पॅरिस आणि टोकियो करारातल्या, म्हणजे बंदरात येणाऱ्या जहाजांची तपासणी मिळून करणाऱ्या, देशांनी मिळून खास अग्निसुरक्षेवर तपासणी मोहीम राबवली होती. सगळं समाधानकारक लिहिलेलं आणि समोर डँपर अडकलेला, हे चित्र जहाजाला अडकवतं. दोष लिहिलेला, मागणी गेलेली, तात्पुरता उपाय केलेला, हे चित्र जहाजावर लक्ष आहे असं दाखवतं.

पंपाबद्दल थोडक्यात: ‘इमर्जन्सी पंप चालू झाला’ ही नोंद अपुरी आहे. ६,००० ग्रॉस टन आणि त्यापुढच्या मालवाहू जहाजावर हायड्रंटवर किमान ०.२७ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर, म्हणजे साधारण २.७ बार दाब हवा. इमर्जन्सी पंपावर दोन होज उघडून सगळ्यात लांबच्या आणि सगळ्यात उंच जागी गेज लावा आणि आकडा लिहा. जहाज रिकामं असताना घ्या, तेव्हा सक्शनची खरी परीक्षा होते. तुमच्या बल्क कॅरिअरवर कोळसा येत असेल तर एखादं ड्रिल होल्डमधल्या कोळशाच्या तापण्यावरही घ्या. त्यात होज ओढायचा नाही. कार्बन मोनॉक्साइडचे आकडे चढत चालले तर व्हेंटिलेशन बंद करून हॅच सील करायला किती वेळ लागतो, ते मोजायचं.

बोट ड्रिलचा आणि बंदिस्त जागेतून सुटकेच्या ड्रिलचा आढावा घेताना आणखी एक सावधगिरी: ड्रिलमध्येच माणूस जाऊ नये. फेब्रुवारी २०१३ मध्ये ला पाल्मा बंदरात थॉमसन मॅजेस्टी जहाजावर ड्रिलच्या वेळी लाइफबोटची वायर तुटून पाच जण मृत्युमुखी पडले. बोट पहिल्यांदा खाली सोडताना त्यात माणसं बसवू नका. रिकामी सोडा, परत वर घ्या, मग ठरवा. त्या आढाव्यात वेग मोजू नका. वायर, हुक आणि पिना कोणी डोळ्यांनी पाहिल्या, ते लिहा. दर दोन महिन्यांच्या बंदिस्त जागेच्या ड्रिलमध्ये तर वेगाचं कौतुक करणं धोक्याचं आहे. आत पडलेला मित्र दिसला की सेट न लावता उतरायची ओढ प्रत्येकाला होते, आणि दुसरा-तिसरा माणूस तसाच जातो. तिथे एवढंच विचारा: गॅस मोजायच्या आधी कोणाचा पाय आत गेला का? आणि स्ट्रेचरवर बांधलेला डमी त्या मॅनहोलमधून, बीए घातलेल्या माणसासकट, खरोखर बाहेर निघाला का?

अचानक ड्रिल घ्यावं का? घ्यावं, पण पहाटे तीनला नको. सकाळी दहाला, जेव्हा माणसं होल्डमध्ये, फनेलमध्ये, गॅलीत विखुरलेली असतात, तेव्हा खरी परीक्षा होते आणि कोणाची झोपही मोडत नाही. २४ तासांत १० आणि सात दिवसांत ७७ तास विश्रांतीचा हिशेब ड्रिलमुळे कोणाचा बिघडला असेल, तर तेही आढाव्यात लिहा. दमलेल्या माणसाकडून शिकणं होत नाही.

राहिले तुमचे सहा नवे लोक. २२ पैकी सहा म्हणजे २५ टक्क्यांहून जास्त. त्यांनी मागच्या महिन्यात याच जहाजावर ड्रिल केलेलं नसणार, म्हणून बंदर सोडल्यापासून २४ तासांत फायर ड्रिल आणि अबँडन शिप ड्रिल दोन्ही घ्यावी लागतील. हे ड्रिल अवघड करू नका. त्याआधीच, ते चढल्या दिवशी, प्रत्येकाबरोबर पाऊण तास चाला: त्याची केबिन, तिथून बाहेर जायचे दोन मार्ग, त्याचा मस्टर, त्याच्या जवळचा हायड्रंट, त्याची बोट. ईईबीडी (धुरातून बाहेर पडायला थोडा वेळ हवा देणारा छोटा सेट) कुठे आहे आणि तो फक्त बाहेर पडण्यासाठी आहे, आग विझवायला आत जाण्यासाठी नाही, हे दाखवा. उतरणाऱ्या सहा जणांना गँगवेवर सोडण्याआधी दहा मिनिटं थांबवून घ्या आणि त्यांच्याकडून या जहाजाच्या फायर सिस्टीममधल्या त्यांना माहीत असलेल्या खोडी लिहून घ्या: कुठला वॉल्व उलटा फिरतो, कुठला दरवाजा जोर लावल्याशिवाय बसत नाही. बोसन बदलणार असेल तर त्याच्याकडून सगळ्यात आधी. तो कागद नव्या बोसनच्या हातात द्या, आणि पहिल्या ड्रिलनंतरच्या बैठकीत त्यातली एकेक ओळ त्याला त्या जागी जाऊन दाखवायला सांगा.